आपल्यातलं कोणीतरी उभं राहायला पाहिजे यार!

मंडळी, 15 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. आता 165 नगरसेवक आलेत, बोटावरची शाई गेली आणि टपरीवरच्या गप्पा परत दिल्लीच्या राजकारणाकडे वळल्या.

त्या गप्पांत एक वाक्य मात्र हमखास येतं: "आपल्यातलं कोणीतरी उभं राहायला पाहिजे यार!" मला हे शंभर टक्के पटतं. फक्त ते निवडणुकीच्या तीन महिने आधी म्हणून उपयोग नाही. म्हणायचं तर आत्ता.

समजा उभं राहिलात, तर मुद्दे कोणते? सुरक्षित रस्ते, परवडणारी घरं, वेळेवर येणारी बस. जाहीरनाम्यात हे तीन वेगळे मुद्दे असतात. माझ्या मते तो एकच आहे. ऑफिसजवळ घर परवडत नाही म्हणून आपण लांब जातो. तिथे धड बस नाही म्हणून दुचाकी घेतो. गाड्या वाढल्या की रस्ता रुंद करायला फुटपाथ कापतात. मग जो चालत जात होता तोही घाबरून गाडी घेतो. झालं लूप पूर्ण! आणि त्याची किंमत? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातले 32,825 पादचारी होते. म्हणजे दिवसाला जवळपास 90.

"पण नगरसेवकाच्या हातात असतं काय?" रास्त प्रश्न. मेट्रो पालिका चालवत नाही. बांधकामाचे नियम राज्य सरकार करतं. रोजचा कारभार आयुक्तांकडे. हे सगळं वजा केलं तरी बरंच उरतं.

मेट्रो स्टेशनपासून सोसायटीच्या गेटपर्यंतचा फुटपाथ बहुतेक ठिकाणी पालिकेचाच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथ 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटपाथचा हक्क हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचंही सांगितलं. नियम आहे, कोर्ट पाठीशी आहे. टेप घेऊन मोजणारा आणि तो आकडा सभागृहात मांडणारा माणूस हवाय.

बसचंही तसंच. पीएमपी 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून झाली आणि तिची तूट दोन्ही पालिका भरतात. पैसे आपले, तर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आपल्या स्टॉपवर किती बस आल्या हे विचारायचा हक्कही आपला.

घरांचं बघा. 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात 20 टक्के घरं कमी उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम आहे. प्लॅन मंजूर करते पालिका. प्रभागात अशी किती घरं झाली, हा लेखी प्रश्न नगरसेवक विचारू शकतो. शिवाय बजेट मांडतात आयुक्त, पण ते स्थायी समिती आणि मुख्य सभेतून जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यू तिथे होतो.

आता अडचणी. एक, प्रभाग चार जणांचा. काम झालं तर चौघांचे फ्लेक्स, नाही झालं तर चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार. त्यामुळे एकट्या स्वच्छ उमेदवाराचा रोमँटिक सिनेमा डोक्यातून काढा, टीम लागते. दोन, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव, त्यामुळे मित्राइतकीच मैत्रिणीचीही तयारी हवी. (बहुतेक तीच जास्त चांगलं काम करेल :-) ) तीन, उमेदवाराचं नाव शहराच्या मतदार यादीत लागतं. आपल्यातल्या कितीतरी जणांची नावं अजून जळगाव, लातूर, सांगलीच्या यादीत आहेत!

पण सगळ्यात मोठी अडचण आपण स्वतः आहोत. फुटपाथ म्हटलं की आपल्याला फेरीवाले दिसतात, आपलीच लावलेली गाडी दिसत नाही. 2018 मध्ये पुण्यात रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! शेवटी मुख्य सभेने ते प्रायोगिक म्हणून फक्त पाच रस्त्यांपुरतं मंजूर केलं. रस्त्यावर फुकट गाडी लावायची सोय जाईल, हे ज्याला स्वतःच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगता येईल, त्यानेच या मुद्द्यांवर निवडणूक लढवावी. बाकीच्यांचा जाहीरनामा म्हणजे नुसतं पॉवरपॉइंट.

म्हणून म्हणतोय, आत्ता सुरुवात करा. मतदार यादीतलं नाव इथे आणा. एक रस्ता आणि एक बसस्टॉप धरा आणि पाठपुरावा करा. पालिका दरवर्षी बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवते, तिथे अर्ज टाका. नव्या नगरसेवकांना प्रश्न लिहून द्या, त्यांनी विचारले तर जाहीर कौतुकही करा. पाच वर्षं एवढं केलंत तर 2031 मध्ये लोकच विचारतील, "काय हो, उभे राहताय का?" आणि नाही राहिलात तरी एक फुटपाथ तर नीट झालेला असेल.

बघा, पटतंय का.