वाघिणी मोजल्या, माणसे कोण मोजणार?

२८ मे २०२४ रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास विशाखापट्टणमहून गुजरातेतील करंबेलीकडे निघालेल्या मालगाडीच्या काही वाघिणी पालघर स्थानकात रुळांवरून घसरल्या. गाडीत पोलादी पत्र्याच्या अजस्र गुंडाळ्या होत्या. अशी एकेक गुंडाळी कित्येक टनांची असते. त्या रुळांवर विखुरल्या आणि मुंबई-सुरत मार्ग कोलमडला. लांब पल्ल्याच्या गाड्या रखडल्या, डहाणू-विरार लोकल बंद पडली. प्राणहानी झाली नाही, एवढेच समाधान.

असा अपघात घडला की आपल्या देशातील एक विशिष्ट वर्ग खडबडून जागा होतो. हा वर्ग रेल्वेच्या शौकिनांचा. इंजिन कोणत्या जातीचे, वाघिणी कोणत्या बनावटीच्या, गुंडाळ्या बसविण्याच्या खाचा कशा असतात, क्रेन कोणत्या डेपोतून आली, याची चर्चा ते तासन् तास करू शकतात. आडव्या पडलेल्या वाघिणीचे छायाचित्र दुर्मिळ टपाल तिकिटासारखे हातोहात फिरते. या मंडळींच्या ज्ञानाची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. अपघाताची बातमी दोन ओळींत गुंडाळणाऱ्या वृत्तपत्रांपेक्षा त्यांना रेल्वे अधिक कळते, आणि तीवर त्यांचे प्रेमही खरे आहे. पण हे प्रेम नेमके लोखंडापाशी येऊन थांबते. चाक रुळावरून का उतरले या प्रश्नाचा माग काढीत गेले तर शेवटी रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचावे लागते, आणि तेथे पोहोचण्यापूर्वीच शौकिनांची जिज्ञासा संपलेली असते.

हा माणूस म्हणजे गँगमन. सरकारी कागदांत त्याचे नाव आता 'ट्रॅक मेंटेनर' असे झाले आहे. नाव बदलले, हातोडा बदलला नाही. लांबच लांब सांधलेले रूळ वैशाखात तापून वाकू नयेत म्हणून भर उन्हात गस्त घालायची, पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन भराव खचला तर नाही ना हे पाहत मैलोन् मैल चालायचे, आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीचा अंदाज कानांनी घ्यायचा, हे त्याचे काम. पालघरच्या अपघाताला रूळच कारण होता असे आम्ही म्हणत नाही. पण गाड्या का घसरतात या सर्वसाधारण प्रश्नाचे उत्तर सरकारच्याच दफ्तरात पडून आहे. महालेखापरीक्षकांचा रेल्वे घसरणीविषयीचा अहवाल २०२२ मध्ये संसदेपुढे आला. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांतील २१७ मोठ्या अपघातांपैकी १६३, म्हणजे चारांतील तीन, गाड्या घसरल्यामुळे झाले, असे तो सांगतो. रुळांची देखभाल नीट न होणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण असल्याचेही त्यात नोंदले आहे. सुरक्षेसाठी म्हणून राखलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या कोशातून पाय चोळण्याची यंत्रे आणि चिनी मातीची भांडी खरेदी झाल्याच्या बातम्या याच अहवालाच्या आधारे छापून आल्या. पाय कोणाचे दुखत होते, हे सांगण्याची गरज नाही. रोज मैलोन् मैल चालणाऱ्या गँगमनचे ते खास नव्हते.

आणि रुळांवर भार कोणी वाढविला? २००५ नंतर वाघिणीमागे आठ टनांपर्यंत जादा माल लादण्याची मुभा देण्यात आली. रेल्वे नफ्यात आली, मंत्र्यांच्या व्यवस्थापनकौशल्याचे धडे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत गिरविले जाऊ लागले. त्या जादा टनांचा घाव सोसणारे रूळ आणि रूळ सांभाळणारे हात यांचा धडा मात्र कोणी घेतला नाही.

२२ जानेवारी २०२४ ची रात्र आठवा. त्या दिवशी देशाचे सारे कॅमेरे अयोध्येकडे वळलेले होते. रात्री नऊच्या सुमारास वसई रोड आणि नायगाव यांच्या दरम्यान सिग्नलची दुरुस्ती करण्यासाठी गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली चिरडून ठार झाले. मार्ग हाच, पालघरच्या अपघाताला अजून चार महिने होते. येथे वाघीण उलटली नव्हती, क्रेन आली नव्हती, जपून ठेवावे असे चित्र नव्हते. मग शौकिनांनी काय पाहायचे? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात, आधीच्या सुमारे चार वर्षांत १,६०० च्या आसपास रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेल्याचे नमूद करून तीव्र खेद व्यक्त केला होता. रेल्वे मंडळाच्या कक्षेबाहेरचे, कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण असावे, ही त्या समितीची शिफारस. ते प्राधिकरण अद्याप जन्माला आलेले नाही. मालगाडीच्या अपघाताची चौकशी आजही सामान्यतः रेल्वेचेच अधिकारी करतात. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच कचेरीत बसतात.

आता 'कवच' नावाच्या स्वयंचलित यंत्रणेचा उदोउदो चालू आहे. ती यंत्रणा अवश्य हवी, दोन गाड्यांची टक्कर ती टाळू शकेल. पण तडकलेला रूळ कवचाला सांधता येत नाही.

हा विषय चिखल्याच्या वाचकाने दूरचा मानू नये. डहाणू आणि घोलवड यांच्या मधल्या किनाऱ्यावरील या गावच्या माणसाला गाडी धरायची तर यांपैकी एका स्थानकावर जावे लागते. बोईसरच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार, विरारपर्यंत मासळीची पाटी नेणारी बाई, चिकूच्या करंड्या पाठविणारा बागायतदार, सगळे याच मार्गावर अवलंबून आहेत. विरारची लोकल डहाणूपर्यंत यायला २०१३ साल उजाडले. ती लोकल बंद पडली तेव्हा या माणसांचा बुडालेला रोजगार कोणत्या नुकसानीच्या आकड्यात मिळविला गेला? उलट, २५ टनांच्या आसभाराचा पश्चिम समर्पित मालमार्ग याच तालुक्यातून नेला आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली, मच्छीमारांचा विरोध धाब्यावर बसवून. १९९१ मध्ये केंद्र सरकारनेच पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविलेल्या या तालुक्यातून उद्या बंदराचा माल धावू लागेल. माल जाणार हे ठरले आहे. त्या मार्गावर गस्त कोण घालणार, कायम नोकरीतला माणूस की ठेकेदाराचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

१९७४ च्या मे महिन्यात लक्षावधी रेल्वे कामगार संपावर गेले तेव्हा इंजिनचालकांच्या कामाचे तास हा त्यांच्या मागण्यांतील एक मोठा विषय होता. तो संप तुरुंगांनी मोडला. चालकांच्या सलग ड्युट्यांची तक्रार आजही संपलेली नाही. २०१७ पासून तर रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही गेला, त्यामुळे लोकप्रतिनिधींना वर्षातून एकदा या गोष्टी विस्ताराने विचारण्याची जी हक्काची संधी होती तीही आकसली.

कार्यकर्त्यांनी आता तीन गोष्टींचा पाठपुरावा करावा. पालघरच्या चौकशीचा अहवाल मराठीत जाहीर झाला पाहिजे. विरार ते घोलवड या पट्ट्यात गँगमनच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती रिकाम्या, याची माहिती अधिकाराखाली अर्ज करून घेतली पाहिजे. रुळांवर काम करणाऱ्या प्रत्येक टोळीला येणाऱ्या गाडीची आगाऊ सूचना देणारे यंत्र मिळाले आहे की नाही, हे टोळीजवळ जाऊन विचारले पाहिजे. या कामी शौकिनांनाही बोलवा. वेळापत्रक, वाघिणींचे भार, वळणांची वेगमर्यादा त्यांना तोंडपाठ असते, आणि रेल्वेचे अधिकारी आपल्याला जी उत्तरे देतील त्यांतले खोटे ते आपल्याआधी ओळखतील.