आरमार उभारिले कोणी, जाळिले कोणी?

गेल्या शिवजयंतीस आमच्या जत तालुक्यातील एका गावी बाहेरून व्याख्याते आले होते. विषय मराठ्यांचे आरमार. तासभर बोलले, पण एकाही कोळ्याचे, भंडाऱ्याचे वा मुसलमान दर्यावर्द्याचे नाव तोंडून निघाले नाही. शेवटी "हे आरमार पुढे इंग्रजांनी बुडविले" असे सांगून मोटारीत बसले. टाळ्या झाल्या. आम्हां मास्तरांस मात्र टाळी वाजविता आली नाही. आमच्या दुष्काळी मुलखातल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना सांगाल ते खरे वाटते.

1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हाती आली आणि खाडीत गलबते बांधू लागली. 1659 मध्ये कामावर ठेविलेले फिरंगी कारागीर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या चिथावणीवरून पळाले. काम थांबले काय? 1664 साली मालवणास सिंधुदुर्गाचा पाया पडला आणि 1665 च्या आरंभी महाराज स्वतः 85 गलबते व 3 मोठी जहाजे घेऊन बसरूरवर गेले. वाचकहो, गलबत नुसत्या हुकुमाने चालत नाही. वारा, भरती, पाण्याखालचा खडक जाणणारा माणूस सुकाणूवर लागतो, आणि तो दरबारात नव्हे, कोळीवाड्यात जन्मतो. 1679 साली मुंबईच्या तोंडावर खांदेरी बांधिली ती मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली. इंग्रजांशी समुद्रात झुंजला तो दौलतखान!

न्यायाचे तेही बोलावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानिले आहे आणि त्याच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस जबरीने तोडू नयेत असे बजाविले आहे. अशा ब्राह्मणास आम्ही नमस्कारच करितो. आमचे भांडण जातीशी नाही, लपवालपवीशी आहे.

आता "इंग्रजांनी बुडविले" याविषयी. 1755 साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्याविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्याच साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसनच्या तोफांपुढे विजयदुर्गाच्या बंदरात कान्होजींच्या घराण्याचे आरमार जळून खाक झाले. जमिनीवर पेशव्यांची फौज हजर होती. म्हणतात, तुळाजी उद्दाम होता, कोणाचा हुकूम मानीत नव्हता. होता, कबूल. पण भाऊ माजला म्हणून घर पेटविण्यास कोणी चोरास बोलावितो काय? बाणकोट इंग्रजांस द्यावे लागले ते निराळेच. पेशव्यांचे स्वतःचे आरमार होते, पुढे धुळपांनी पराक्रमही केला. पण आंग्र्यांची जी जरब मुंबईकर इंग्रजांस होती ती गेली ती गेलीच. आणि विजयदुर्गावर उतरलेला क्लाइव्ह पुढल्याच वर्षी प्लासीस लढाई जिंकून बंगालच्या उरावर बसला.

आम्ही शाळेच्या फळ्यावर मायनाक भंडारी व दौलतखान ही नावे आणि 1756 हा आकडा लिहून ठेविला आहे. व्याख्यातेबुवांनी पुढल्या जयंतीस अवश्य यावे. खोडण्याजोगा पुरावा असेल तर फडके आम्ही देऊ.