फ्री नेट म्हणजे मोकाट नेट नव्हे

जबलपूरच्या सदर बाजारात संध्याकाळी चहाला गेलो की एक निवृत्त सुभेदार साहेब भेटतात. मूळचे साताऱ्याकडचे, पेन्शनला आल्यावर इथंच घर बांधून राहिले. परवा डुमना विमानतळाकडे जाणारं विमान दिसलं आणि विषय निघाला टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांचा. "प्रत्येक ठिकाणी टॉवर उभारा, कंट्रोलर बसवा, प्रश्न मिटला," साहेबांनी निकाल दिला. बाकावर बसलेला त्यांचा पुतण्या म्हणाला, "टॉवर कशाला काका? पायलटला डोळे आहेत की." दोघंही चुकताहेत असं माझं मत आहे. चहाच्या दुकानात ते धड मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मी सिग्नलचा माणूस, विमान कधी चालवलेलं नाही. पण एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा जण आले की काय होतं हे इथल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये रोज बघतो.

आधी पुतण्याचं उत्तर. दोन छोटी विमानं, प्रत्येकी 100 नॉटनं, समोरासमोर येताहेत असं धरा. एकमेकांकडे येण्याचा वेग ताशी 370 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला शंभर मीटरहून जास्त. समोरचं विमान दोन किलोमीटरवर दिसलं तरी हातात वीस सेकंदसुद्धा नाहीत. दिसणं, ते विमान आहे हे कळणं, धडक होणार हे उमगणं, हात हलणं आणि विमान वळणं, या सगळ्याला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं साडेबारा सेकंद धरले आहेत. शिवाय धडकेच्या मार्गावरचं विमान काचेवर सरकत नाही, एका जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं आणि शेवटच्या क्षणी अचानक मोठं होतं. आपली नजर हलत्या गोष्टीवर जाते, स्थिर ठिपक्यावर नाही. त्यात खाली शेतं आणि घरांची छपरं असली तर विचारूच नका.

आता साहेबांचा टॉवर. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर सौदीचं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन धडकलं. 349 माणसं गेली, एकही वाचला नाही. हवेतली आजवरची सर्वांत भीषण टक्कर. तिथं तर दिल्लीचा कंट्रोलर होता. त्यानं इल्युशिनला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि समोरून विमान येतंय हेही सांगितलं होतं. तरी ते खाली उतरत राहिलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे. रेडिओवाल्याला स्वतःचा उंचीचा काटा नव्हता, पायलटच्या खांद्यावरून डोकवावं लागायचं. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, 19 नोव्हेंबरला, अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी इथं दुसरी घटना घडली. ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, पण मी ती प्रत्येक बॅचला सांगतो. विमानतळाला टॉवर नव्हता. प्रवाशांचं एक बीचक्राफ्ट उतरायला येत होतं. त्याला छेदणाऱ्या धावपट्टीवर एक किंग एअर उभं होतं आणि त्याच्या मागं एक छोटं चेरोकी. येणाऱ्या विमानानं रेडिओवर विचारलं, धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे का? उत्तर आलं, थांबलोय. उत्तर देणारा होता मागचा चेरोकीवाला. त्यानं आपला नंबर सांगितला होता, पण त्याच वेळी कॉकपिटमधला उंचीचा आवाज वाजला आणि त्यात त्याचं बोलणं बुडालं. बीचक्राफ्टच्या पायलटांना वाटलं, किंग एअरच बोललं. किंग एअरनं मात्र काहीच उत्तर दिलं नव्हतं. ते धावायला लागलं आणि दोन्ही विमानं जमिनीवर, धावपट्ट्यांच्या छेदावर धडकली. दोन्हीतली मिळून 14 माणसं गेली. चौकशीत पहिला दोष आला तो किंग एअरच्या पायलटांवर: त्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही, नजर नीट फिरवली नाही.

हे मी स्वतः भोगलंय, फक्त नशिबानं स्वस्तात. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या एका सरावात अरुंद फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना आमच्या गाड्या होत्या. मी नेटवर विचारलं, "पलीकडची गाडी थांबली आहे का?" लगेच "थांबलोय, ओव्हर" आलं. कॉलसाइन नाही, काही नाही. मीही विचारली नाही. बोलणारा पोरगा तिसऱ्याच गाडीत, मागं चहा पीत थांबलेला. पुलाच्या मध्यावर दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे राहिले. माझी चूक त्या पोरापेक्षा मोठी होती, कारण मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं.

आम्ही दोन प्रकारची नेट शिकवतो. डायरेक्टेड नेटवर कंट्रोल स्टेशनच्या परवानगीशिवाय कुणी तोंड उघडत नाही. फ्री नेटवर स्टेशनं आपापसांत थेट बोलतात. रंगरुटांना पहिल्या दिवशी वाटतं, फ्री म्हणजे ढिलं. उलट आहे. कंट्रोल चुका पकडायला नसतो तेव्हा कॉलसाइन, नेमके शब्द आणि बोलण्याआधी ऐकणं या तीनच गोष्टी शिल्लक राहतात. टॉवर नसलेली धावपट्टी म्हणजे फ्री नेट आहे.

आणि अशा धावपट्ट्यांवर कोण उडतं? बहुतेक शिकाऊ मुलं. सागरजवळ ढाणा, शिवनी जिल्ह्यात सुकतरा, आपल्याकडे शिरपूर, बारामती. बारामतीला तर वर्षानुवर्षं कंट्रोल टॉवर नव्हता, तिथल्याच प्रशिक्षण संस्थांची माणसं येणाऱ्या विमानांना माहिती देत. पहिलं सोलो करणारा पोरगा चौथ्यांदा सर्किट मारतोय आणि तेवढ्यात एखादं जेट किंवा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर सरळ आत घुसतंय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

साहेब म्हणतील, बोलून तरी काय होतं? प्रश्न रास्त आहे. 2022 साली कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला दोन सेस्ना धडकली, तीन माणसं गेली. दोघंही रेडिओवर बोलत होते. पण मोठं विमान सर्किट न करता सरळ, दुपटीहून जास्त वेगानं छोट्याच्या पाठीवर आलं. म्हणून बोलण्याबरोबर येण्याची रीतही बांधून द्यायला हवी: कुठून शिरायचं, किती वेगानं, कुणाच्या मागं. ऑस्ट्रेलियातल्या मँगलोरला (आपलं मंगळूर नव्हे) 2020 मध्ये दोन विमानं हवेत धडकली, चार जण गेले. कंट्रोलरनं दोघांनाही एकमेकांबद्दल सांगितलं होतं. ते दोघं मात्र एकमेकांशी बोलले नाहीत.

माझी मागणी टॉवरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. टॉवर नसलेल्या प्रत्येक धावपट्टीची एक फ्रिक्वेन्सी नकाशावर छापा. दहा मैलांवरून कॉलसाइनसह बोलणं सक्तीचं करा. ज्याचा रेडिओ बंद त्याला प्रवेश बंद, मग आत मंत्री बसलेला का असेना. समोरच्यानं स्वतःचं नाव घेऊन उत्तर दिल्याशिवाय ते उत्तर मोजायचं नाही. सगळं बोलणं रेकॉर्ड करा आणि दर महिन्याला कुणीतरी ते बसून ऐका. ऑस्ट्रेलियात ठरावीक दर्जाच्या टॉवरविना विमानतळांवर रेडिओ सक्तीचा आहे, तेव्हा हे काही अशक्य कोटीतलं नाही.

"पण ऐकणार कोण? तेवढी माणसं आहेत का सरकारकडे?" हे सगळं सांगितल्यावर साहेबांनी विचारलं.

आहेत की. वीस-वीस वर्षं कानाला हेडफोन लावून, वाऱ्या-पावसात, खरखरीतून एकेक शब्द वेचलेले ऑपरेटर दर महिन्याला पेन्शनला निघतात. आणि करतात काय? एटीएमच्या दारात स्टुलावर बसतात. त्यांना विमानाच्या रेडिओचं प्रशिक्षण द्या, परवान्याची परीक्षा घ्या आणि धावपट्टीच्या कडेच्या खोलीत एक सेट, एक वाऱ्याचा मोजा आणि एक वही देऊन बसवा. त्यांनी हुकूम द्यायचा नाही, फक्त कोण कुठं आहे ते सांगायचं आणि कॉलसाइन न देणाऱ्याला पुन्हा विचारायचं. आमच्या कोरचं ब्रीद 'तीव्र चौकस' आहे, ते काय गेटवरच्या रजिस्टरवर सह्या घेण्यासाठी?

साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग पुतण्याला म्हणाले, "अर्ज लिहायला घे. पहिलं नाव माझं टाक." वय एकाहत्तर आहे म्हणून मी हसलो, तर म्हणाले, "कान अजून शाबूत आहेत, हवालदार. तू कॉलसाइन न देता बोलून बघ."