फुली म्हणजे होय?

माझ्या बायकोचे माहेर किनवटचे. तिची धाकटी बहीण तिथून पुढे उटनूरला दिलेली. आमच्या गोव्यातल्या माणसाला उटनूर कुठे आले ते सांगावे लागते. आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव. नागपूर-हैदराबाद हमरस्ता गुडीहतनूरला सोडायचा, इंद्रवेल्ली मागे टाकायची की उटनूर येते. बाजारात तेलुगू, गोंडी, मराठी आणि दखनी उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. २०१० च्या दिवाळीत आम्ही तिथे गेलो, तेव्हा तेलंगण राज्य व्हायचे होते. गोंडांच्या दंडारीचे दिवस होते. बाहेर ढोल वाजत होते आणि घरात आमचा सात वर्षांचा भाचा टीव्हीसमोर रडकुंडीला आला होता.

साडूंनी हैदराबादहून एक जुना प्लेस्टेशन २ आणला होता. हातात धरायच्या पॅडला मुले सरळ ‘रिमोट’ म्हणत. त्यावर उजव्या बाजूला चार बटणे, त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. पडद्यावरच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणायचे, तर भाचा गोल दाबायचा आणि पडदा एक पाऊल मागे जायचा. पुन्हा गोल, पुन्हा मागे. मी म्हटले, “अरे, फुली दाब.” मी त्याला कॉपी करायला सांगतोय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

“काका, फुली म्हंजे चूक राहते ना?”

मी गप्प. पोराचे काय चुकले? गुरुजी वहीत चुकलेल्या गणितावर फुलीच मारतात. प्रश्नपत्रिकेत ‘योग्य पर्यायाला गोल करा’ असेच लिहिलेले असते. त्याच्या सात वर्षांच्या आयुष्यात गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. इथे सगळे उलटे!

याचे उत्तर मला पुष्कळ उशिरा, वाचता वाचता मिळाले. सोनीच्या तेइयू गोतो यांनी हा पॅड १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी घडवला, तेव्हा त्यांच्या मनात गोल म्हणजे होय आणि फुली म्हणजे नाही असेच होते. जपानी शाळांतही बरोबर उत्तराला गोल आणि चुकीला फुली. जपानमधले खेळ तसेच चालत. अमेरिका-युरोपात मात्र खेळ करणाऱ्यांनी फुलीला होकार केले. आपल्याकडे आले ते तिकडच्या धाटणीचे खेळ. म्हणजे उटनूरचा पोरगा यंत्र घडवणाऱ्याशी पूर्णपणे सहमत होता, आणि तरी चूक ठरत होता.

तेव्हापासून माझे एक मत झाले आहे. खेळ अवघड असणे वेगळे आणि साधन अवघड असणे वेगळे. खेळ अवघड असला तर मजा वाढते. माणूस हरतो, हसतो, पुन्हा बसतो. साधन अवघड असले तर मजा मरते. वाईट याचे वाटते की दोष मात्र दर वेळी हाताला लागतो. “तुला जमत नाही,” असे आपण म्हणून मोकळे होतो.

आपल्या घुमटाचेच पाहा. उजवा हात चामड्यावर, डावा मडक्याच्या उघड्या तोंडावर, आणि दोन्ही हातांमधून नाद घडतो. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर तिचे कातडे गेले आणि बकऱ्याचे आले. ते योग्यच झाले. २०१९ साली घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तो या नव्या चामड्यासकट. पण चामडे बदलले की बोटांना नव्याने शिकावे लागते. जुन्या वादकाची थाप तशी वाजली नाही तर त्याचा हात बिघडला असे कोणी म्हणणार नाही. व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपण एवढा साधा न्याय करत नाही.

चांगले साधन म्हणजे काय, हेही याच खेळांनी दाखवले आहे. निन्तेन्दोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये घडी घालून खिशात ठेवायच्या ‘डाँकी काँग’ खेळावर अधिक चिन्हासारखे एकच बटण बसवले. अशा यंत्रावर उभी दांडी कुठे बसवणार? पण त्यातून सोय अशी झाली की अंगठ्याला न बघता दिशा कळू लागली. डोळे खेळावर, अंगठा आपल्या कामावर. पुढे १९९६ च्या निन्तेन्दो ६४ वर अंगठ्याने कलवायची छोटी दांडी आली. थोडी कलवली तर मारिओ हळू चालतो, पूर्ण कलवली तर धावतो. ‘किती’ हे हाताने सांगता येऊ लागले, आणि खेळातले चालणे चालण्यासारखे वाटले.

उलट उदाहरणही आहे. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचा पॅड इतका अवजड होता की जपानसाठी लहान पॅड करावा लागला, आणि पुढे तोच सगळीकडे देऊ लागले. म्हणजे हात लहान नव्हते, पॅड मोठा होता.

आता उटनूरहून तीनशेएक किलोमीटरवरच्या हैदराबादची गोष्ट. तिथल्या गेमशास्त्र कंपनीने प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ केला. त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग असे आपले खेळ होते. कल्पना चांगलीच. पण आपण विटीदांडू खेळायचो तेव्हा पहिले काम काय असायचे? दांडू तासणे! ज्याचा हात लहान त्याचा दांडू लहान. डावखुऱ्याला कोणी अडवत नसे. साधन आधी हाताच्या मापाचे व्हायचे, मग खेळ सुरू. कारखान्यातून निघालेला पॅड मात्र सगळ्या जगाला एकाच मापाचा. त्यावर विटी कितीही सुंदर उडाली, तरी दांडू आपला नसतो. यात हैदराबादच्या मंडळींचा दोष नाही. त्यांच्या हाती जो पॅड आला त्यावर त्यांना खेळ बसवायचा होता.

त्या दिवाळीतली दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे मी हे एवढे मनाला का लावून घेतो ते कळेल. शेजारचा एक बारा वर्षांचा मुलगा रोज यायचा. त्याच्या डाव्या हाताची बोटे जन्मापासून मिटत नव्हती. पॅडला दोन हात लागतात, डाव्याने चालायचे, उजव्याने मारायचे. म्हणून तो बाजूला बसून नुसते सांगायचा, “आता उडी! आता डावीकडे!” त्याला सगळा खेळ तोंडपाठ. सगळे म्हणायचे, बिचाऱ्याला खेळता येत नाही. मीही तसेच समजलो होतो.

तिसऱ्या दिवशी पाहतो तर पॅड चटईवर ठेवलेला, एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला तो. डावा अर्धा भाच्याकडे, उजवा अर्धा त्याच्याकडे. एक चालवतोय, दुसरा उड्या मारतोय. सुरुवातीला दोघे धडाधड खड्ड्यात पडले आणि पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत असे जमले, की भाच्याला एकट्याला जे टप्पे पार होत नव्हते ते दोघांनी मिळून पार केले. म्हणजे खेळ त्या मुलाला पहिल्यापासून येत होता. अडत होते ते पॅडपाशी.

२०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर ‘कोपायलट’ नावाची सोय दिली, दोन पॅड मिळून एकच खेळाडू चालवायचा. वाचून मला उटनूरची चटई आठवली. २०१८ मध्ये त्यांनी अपंग खेळाडूंसाठी वेगळा पॅड काढला. त्याला पायाने, कोपराने, जमेल तसे दाबायची बटणे जोडता येतात. सोनीचा तसा पॅड २०२३ च्या डिसेंबरात आला. चांगले झाले. पण कन्सोलच्या किमतीवर वेगळी किंमत मोजून असा पॅड घेणारी घरे आपल्याकडे किती?

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळाचे एवढे काय घेऊन बसलात? मी सरकारी कारकून. आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. मराठी टंकयंत्रावर त्यांचा हात असा चालायचा की बघत राहावे. मग संगणक आले, आणि त्यांच्याबरोबर इन्स्क्रिप्ट कळफलक आला. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. मांडणी शास्त्रशुद्ध, मी स्वतः तीच वापरतो. पण त्यांच्या दहा बोटांत तीस वर्षे मुरलेली जागा एका सोमवारी रद्द झाली. शिकायला वेळ कोणी दिला नाही. तरुण पोरे मागून हसायची, त्यांत मीही होतो. मुदतीच्या दोन वर्षे आधी त्यांनी निवृत्ती घेतली. जाताना म्हणाले, “मला मराठी येत नाही असे वाटू लागले होते.” भाच्याने फुलीचा प्रश्न विचारला तेव्हा मला हे वाक्य आठवले होते.

आता तर सगळा खेळ मोबाईलच्या काचेवर आला आहे. पबजीवर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, पोरे तिथे गेली. काचेला ना खाच, ना उंचवटा. अंगठ्याला बटण लागत नाही, आणि वर तोच अंगठा चित्र झाकतो. म्हणून पोरे चार-चार बोटे वाकडी करून खेळतात, घामट बोटांना कापडी टोप्या घालतात. साधनाची उणीव माणूस आपल्या हाताने भरून काढतो, हे पाहून कौतुकही वाटते आणि वाईटही.

माझी मागणी फार मोठी नाही. खेळ सुरू होण्याआधी त्याने एकदा विचारावे, तुझे ‘होय’ कुठल्या बटणावर ठेवू? प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या आताच्या यंत्रांत बटणांची अदलाबदल करता येते, पण ती सोय आतल्या कुठल्या तरी पानावर असते. तिथपर्यंत सात वर्षांचे पोर पोचत नाही. ती पहिल्या पानावर आणा. आणि घरात कोणाला नवे यंत्र देताना, मग तो भाचा असो की म्हातारे वडील, “जमत नाही” म्हणण्याआधी एकदा यंत्राकडे पाहावे.

भाचा आता विशीत आहे. मध्ये त्यानेच फोनवर बातमी दिली, की २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानमध्येही फुली म्हणजे होय केले आहे, सगळ्या जगाला एकच नियम. त्याला गंमत वाटली होती. मी मात्र विचार करत बसलो, की तिकडेही एखाद्या पोराने आपल्या काकाला तोच प्रश्न विचारला असेल. त्याच्या काकाने काय उत्तर दिले असेल कोण जाणे.