अकराव्या क्रमांकाचा हिशेब

पॅरिसच्या ऑलिंपिक मैदानावर ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत सुरू झाली, तेव्हा भारतात तारीख बदलून तासाहून अधिक वेळ झाला होता. ज्यांचा सगळा दिवस पहाटेच्या लोकलच्या वेळेवर बेतलेला असतो, अशा ठाकुर्लीसारख्या गावात रात्री एक वाजेपर्यंत जागणे ही चैन नसते. त्यासाठी दुसऱ्या दिवसाची झोप गहाण ठेवावी लागते. तरीही त्या रात्री अशा वस्त्यांतील काही खिडक्यांत दिवे होते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे त्या शर्यतीत धावत होता. पुरुषांच्या या शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिलाच भारतीय होता. सवाआठ मिनिटांत सारे आटोपले. साबळे अकरावा आला. दिवे मालवले गेले, आणि सकाळच्या गाडीत उभ्याउभ्या जी चर्चा होते तिच्यासाठी एकच शब्द उरला : निराशा.

या निराशेची थट्टा करण्याचे कारण नाही. तिला आधार होता. अवघ्या आठवड्यापूर्वी, १ ऑगस्ट रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळविले होते. कुसाळे मध्य रेल्वेचा कर्मचारी. ठाकुर्ली हे तर रेल्वेचेच गाव. एकेकाळी येथील वीजकेंद्राने रेल्वेला वीज पुरविली. तेव्हा हे पदक आपल्याच खात्यातील एका सहकाऱ्याने आणले, अशी भावना येथे निर्माण झाली असल्यास ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. शिवाय १९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास तब्बल ७२ वर्षे लागली होती. इतक्या वर्षांची कोंडी फुटली की मन एका पदकावर थांबत नाही, दुसऱ्याची वाट पाहू लागते. साबळेने स्वतःही ही आशा वाढविली होती. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळविले, तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. एवढी शिदोरी असलेल्या खेळाडूकडून लोकांनी आशा करू नये, असे कोण म्हणेल?

प्रश्न आशा करावी की नाही हा नाही. ती कशाच्या आधारावर करावी, हा आहे. आणि तेथे थोडा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

पॅरिसच्या अंतिम शर्यतीत मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने ८ मिनिटे ६.०५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. कांस्यपदक केनियाच्या अब्राहम किबिवोटला मिळाले, त्याची वेळ ८ मिनिटे ६.४७ सेकंद. साबळेची वेळ होती ८ मिनिटे १४.१८ सेकंद. म्हणजे तो कांस्यपदकापासून ७.७१ सेकंद दूर राहिला. या वेगाने धावणाऱ्याच्या हिशेबात हे अंतर जवळजवळ ४७ मीटर भरते. आता याच्या जोडीला दुसरा आकडा ठेवावा. साबळेची आयुष्यातील तोवरची सर्वोत्तम वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती, आणि तीही त्याने ऑलिंपिकच्या महिनाभर आधी पॅरिसमध्येच, डायमंड लीग स्पर्धेत नोंदविली होती. म्हणजे त्या रात्री तो आयुष्यातील सर्वोत्तम शर्यत पुन्हा जशीच्या तशी धावला असता, तरीही कांस्यपदक ३.४४ सेकंदांनी हुकलेच असते. हे आकडे गुपित नव्हते. शर्यतीआधी सर्वोत्तम वेळ कोणालाही पाहता येत होती. ती पाहिली असती, तर साबळे पदकाच्या उंबरठ्यावर उभा नसून त्या उंबरठ्याकडे मोठ्या जिद्दीने चाललेला आहे, हे सहज उमगले असते.

अर्थात संथ सुरू होणाऱ्या शर्यतीत डावपेचांना वाव असतो, आणि घड्याळातील मागासलेपण डावपेचांनी भरून काढता येते. बर्मिंगहॅमला असेच घडले. तेथे साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत आला आणि त्याच किबिवोटने त्याला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकले. इतक्या वेळात पुढचा धावपटू जेमतेम हातभर पुढे असतो. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके दर खेपेस केनियाकडे जात होती. त्या भिंतीला पहिले खिंडार पाडले ते या बीडच्या जवानाने. त्या पाच शतांश सेकंदांची हळहळ करणारे किती होते? १९८४ साली लॉस एंजल्स येथे पी. टी. उषाचे कांस्यपदक चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एक शतांश सेकंदाने हुकले, तेव्हा तो एक शतांश सेकंद देशाच्या आठवणीत कोरला गेला. चौथा क्रमांक असूनही ती हार पराक्रमाच्या पोटात गणली गेली. कारण किती थोडक्यात हार झाली, हे लोकांना ठाऊक होते. माहितीमुळे निराशा नाहीशी होत नाही, पण तिला आदराचे रूप येते.

स्टीपलचेस हा प्रकारच आपल्या परिचयाचा नाही, हे येथे मान्य केले पाहिजे. एका गिरिजाघराच्या शिखरापासून दुसऱ्याच्या शिखरापर्यंत वाटेतील कुंपणे आणि ओहोळ ओलांडीत घोडे दौडविण्याच्या पैजेतून हे नाव आले. आजच्या शर्यतीत धावपटूला २८ वेळा आडवे लाकूड आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी लाकडाची उंची सुमारे ९१ सेंटिमीटर असते. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीतील चौकट पाय लागताच पडते; हे लाकूड पडत नाही, धावपटू पडतो. पाय दमलेले असताना, आजूबाजूला कोपरांची गर्दी असताना, पुढच्या माणसाच्या पाठीमुळे अडथळा उशिरा दिसत असताना हे पस्तीस निर्णय घ्यायचे असतात. त्याच पॅरिसच्या अंतिम शर्यतीत इथिओपियाचा लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून कोसळला. २०२३ साली ७ मिनिटे ५२.११ सेकंदांचा जागतिक विक्रम करणारा हाच धावपटू. विक्रमवीराची ही गत, तर इतरांची काय कथा?

साबळेच्या वाटेतील अडथळे तर केवळ लाकडाचे नव्हते. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत त्याच्यासमोर दुसरा धावपटू पडला आणि त्याची वाट अडली. भारतीय पथकाची तक्रार मान्य झाली म्हणून त्याला अंतिम फेरी मिळाली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. परंतु आपल्या प्राथमिक शर्यतीत तो सातवा आला आणि अंतिम फेरी हुकलेल्या सर्व धावपटूंत तोच सर्वांत वेगवान ठरला. २०२३ साली बुडापेस्ट येथे नियम बदलला होता. प्रत्येक प्राथमिक शर्यतीतील पहिले पाचच पुढे जाणार, वेळेचा विचार होणार नाही, असे ठरले होते. साबळे पुन्हा सातवा आला आणि बाहेर पडला.

बुडापेस्टला मात्र त्याची चूक नव्हती असे म्हणता येणार नाही. घड्याळापेक्षा क्रमांक महत्त्वाचा ठरणार हे ठाऊक असताना शर्यत त्या बेताने धावणे भाग होते. तशी टीका त्यावेळी झाली असल्यास ती रास्त होती. पॅरिसच्या अंतिम शर्यतीतही सुरुवातीला आघाडी घेऊन नंतर मागे पडणे हा डाव शहाणपणाचा होता काय, असे विचारता येते. खेळाडूला टीकेपासून झाकून ठेवणे हा त्याचा सन्मान नव्हे. परंतु डाव चुकला असे म्हणणे निराळे आणि देशाची निराशा केली असे म्हणणे निराळे. पहिल्यात खेळाची जाण आहे. दुसऱ्यात केवळ आपल्या मोडलेल्या झोपेचा राग. बुडापेस्टनंतर एका वर्षाने पॅरिसच्या प्राथमिक फेरीत तोच नियम होता, आणि साबळे नेमका पाचवा आला. धडा घेतला गेला होता. पण त्या पाचव्या क्रमांकाचे मोल ज्याला बुडापेस्टचा सातवा क्रमांक आठवतो त्यालाच कळणार.

या संदर्भात जपानचे एक उदाहरण बोलके आहे. तेथे १९९७ पासून दूरचित्रवाणीवर 'सासुके' नावाची अडथळ्यांची स्पर्धा होते. दर खेपेस साधारणपणे शंभर स्पर्धक उतरतात आणि चार टप्प्यांचा अडथळ्यांचा मार्ग पार करण्याचा प्रयत्न करतात. २०२० पर्यंतच्या ३८ स्पर्धांत हा मार्ग अखेरपर्यंत पार करणारे फक्त चौघे निघाले. बाकीचे वाटेतच बाद झाले. या स्पर्धेत उतरणाऱ्यांत कोळी होते, चपला-बुटांच्या दुकानातील विक्रेते होते, पेट्रोलपंपावर काम करणारे होते. तरीही प्रेक्षक दरवर्षी परत येतात. कोणता माणूस मागील वर्षी कोणत्या अडथळ्यावर पडला होता आणि यंदा त्यापुढे किती गेला, हे त्यांना पाठ असते. तेथे पडणे हा अपमान नसतो, ती नोंद असते. या प्रकाराचा जगभर एवढा बोलबाला झाला की २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतील घोडेस्वारीची जागा अशाच अडथळ्यांच्या शर्यतीला देण्यात आली आहे.

आपल्याकडे हीच नोंद ठेवण्याची सवय नाही. साबळेने २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा विक्रम मोडला. तेथून सहा वर्षांत त्याने जवळजवळ वीस सेकंद कापून काढले. सदतीस वर्षे जो विक्रम जागचा हलला नाही, त्याला एका माणसाने वीस सेकंद पुढे नेले! सियाचीनच्या बर्फात पहारा केलेल्या, महार रेजिमेंटमधून वयाच्या विशीनंतर या शर्यतीकडे वळलेल्या जवानाची ही मजल आहे. त्याच्याआधी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर हिने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि ती दहावी आली. उषानंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. आष्टी काय आणि माण काय, दोन्ही तालुके अवर्षणाचे. जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलांनी जगाच्या मैदानावर पाण्याचा खड्डा ओलांडण्यात नाव काढावे, यातला विरोधाभास एखाद्या कवीला सुचला नसता. परंतु दहावी आणि अकरावा या दोन शब्दांनी आपण त्यांच्या कथा संपवून टाकल्या.

पॅरिसनंतर अकरा महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, साबळे मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेला तो मुकला. त्या रात्री किती खिडक्यांत दिवे होते? दुसऱ्या दिवशीच्या गाडीत त्याची चर्चा झाली काय? ऑलिंपिकच्या रात्री ज्याच्याकडे पदक मागण्याचा हक्क आपण बजावला, त्याच्या जखमेची बातमी आतल्या पानावरच राहिली. मागणे चार वर्षांतून एकदा आणि विचारपूस कधीच नाही, असा हा व्यवहार एकतर्फी आहे.

तो बदलणे सर्वस्वी सरकारच्या हाती नाही. मैदाने, प्रशिक्षक, धावमार्ग हे सरकारने आणि पालिकांनी द्यावेत, आणि ते मागण्यात कसूर होऊ नये. कल्याण-डोंबिवलीच्या वस्तीत धावायला मोकळी जागा शोधणे हीच मुळी अडथळ्यांची शर्यत होऊन बसली आहे. परंतु जाणकार प्रेक्षक घडविणे हे काम शाळेच्या वर्गात आणि घराच्या ओट्यावर होण्यासारखे आहे, आणि त्याला अनुदान लागत नाही. ज्या शिक्षकाने फळ्यावर ८ मिनिटे २९.८० आणि ८ मिनिटे ९.९१ हे दोन आकडे लिहून त्यांतील वजाबाकी मुलांकडून करून घेतली, त्याने गणिताबरोबर न्यायबुद्धीचाही तास घेतला असे होईल. ज्या विद्यार्थ्याला त्या वजाबाकीचा अर्थ कळला, तो पुढल्या वेळी पदक मिळाले काय एवढेच विचारणार नाही. मागच्यापेक्षा किती, हेही विचारील.

तशी शर्यत पुन्हा येईल आणि ठाकुर्लीतील काही माणसे पुन्हा झोप मोडून जागतील. त्यांनी आशा जरूर करावी. आशेवाचून खेळ पाहण्यात गोडी नाही. मात्र त्यांच्याजवळ मागील शर्यतीची वेळ लिहिलेला एक कागद असावा. तो असला म्हणजे अकराव्या क्रमांकाने आलेली रात्र फुकट गेली असे वाटणार नाही. आणि एखादे वेळी पदक आलेच, तर ते आकाशातून पडले नाही, सेकंदासेकंदाने कमावले गेले, हेही त्यांना कळेल.