हत्ती स्वस्त, चारा महाग

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची मोफत देखभाल थांबवली. त्या दिवशी कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. फक्त त्यांच्या सुरक्षेसाठी दरमहा येणारी डागडुजी थांबली. ज्या कचेऱ्यांना ती पुढेही हवी, त्यांच्यासाठी कंपनीने दर जाहीर केला. पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट! तीन वर्षांचे झाले ४२७ डॉलर. पन्नास कॉम्प्युटर असलेल्या संस्थेने हा गुणाकार स्वतःच करून पाहावा. खरेदीच्या वेळी हा खर्च कोणी धरला होता?

तो धरला जात नाही, हेच खरे दुखणे आहे. हत्ती विकत घेताना आपण फक्त हत्तीची किंमत विचारतो. चारा, माहूत, साखळदंड यांचे पैसे नंतर कळतात. अमेरिकेतील गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ मध्ये या चाऱ्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली. ‘टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप’, म्हणजे वस्तू बाळगण्याचा एकूण खर्च, हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला. सॉफ्टवेअरचे परवाने, वार्षिक देखभालीचा करार, व्हायरसचा बंदोबस्त हे तरी बिलावर दिसते. पण प्रिंटर रुसला म्हणून तासभर हात बांधून बसलेला कारकून कोणत्या बिलावर दिसणार? आणि प्रत्येक कचेरीत असतो तो ‘कॉम्प्युटरमधले कळणारा’ तरुण! स्वतःचे काम बाजूला ठेवून तो दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतो. त्याचा पगार हिशेबखात्यात, काम मात्र मेकॅनिकचे.

हा खर्च कमी करण्याचा एक मोठा प्रयोग जर्मनीतील म्युनिक महापालिकेने केला. पालिकेचे सुमारे चौदा हजार कॉम्प्युटर ‘विंडोज एनटी’वर चालत आणि त्या प्रणालीची देखभाल संपत आली होती. नव्या परवान्यांवर पैसे घालण्याऐवजी फुकट मिळणारे लिनक्स घ्यावे, असा विचार पुढे आला. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुटी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले आणि किमतीत सवलतही देऊ केली. तरीही मे २००३ मध्ये पालिकेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला.

खरी गंमत पुढेच आहे. प्रणाली फुकट होती, पण काम पुरे व्हायला २०१३ साल उजाडले. दहा वर्षे! कारण प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा, प्रत्येकाची मांडणी वेगळी, पत्रांचे आणि अर्जांचे नमुने तर हजारोंनी. आधी तो पसारा आवरावा लागला. २०१२ मध्ये पालिकेने एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे सांगितले. मायक्रोसॉफ्टसाठी ह्यूलेट-पॅकार्डने केलेल्या अभ्यासात नेमका उलटा निष्कर्ष निघाला आणि पालिकेने तो नाकारला. ज्याच्या हातात पाटी-पेन्सिल, त्याची बेरीज!

पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. २०१६ मध्ये बाहेरच्या सल्लागारांनी पाहणी केली, तेव्हा दोष लिनक्सपेक्षा कारभाराच्या विस्कळीत रचनेत जास्त आढळला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. परतीच्या या प्रवासाचा अंदाज होता सुमारे पाच कोटी युरो. दोष घरच्या घडीत होता आणि बदलली सून, असेच काहीसे झाले.

आपल्या केरळमधील शाळांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. तिथेही लिनक्सच आहे, पण सगळ्या सरकारी शाळांत एकाच घडणीचे. सोबत शिक्षकांना प्रशिक्षण आणि शाळेतल्याच एका शिक्षकाकडे आयटी समन्वयकाची जबाबदारी. त्यामुळे एका शाळेत सापडलेला उपाय दुसऱ्या शाळेत जसाच्या तसा चालतो. यातून तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा २०१९ मध्ये करण्यात आला. अर्थात, हा आकडा परवान्यांच्या बाजारभावावरून काढलेला असल्याने तो थोडा हात राखूनच घ्यावा. दुरुस्तीसाठी वाया न गेलेले तास त्यात धरलेलेच नाहीत, ही त्याची दुसरी बाजू.

विंडोज १०च्या निमित्ताने छोट्या कचेऱ्यांपुढेही आज हाच पेच आहे. बरेच जुने कॉम्प्युटर ‘विंडोज ११’ स्वीकारतच नाहीत. म्हणून सगळेच भंगारात काढण्याची गरज नाही. पत्रे लिहिणे, ई-मेल पाहणे एवढेच काम असलेल्या टेबलावर जुन्या यंत्रात लिनक्स घालता येते. जिथे टॅली चालते किंवा विंडोजसाठीच लिहून घेतलेला एखादा जुना प्रोग्रॅम आहे, तिथे मात्र नवे यंत्र घ्यावे, आणि घेतील ती सगळी एकाच बनावटीची. पण त्याआधी प्रत्येक टेबलावर नेमके कोणते काम चालते, याची यादी लागते. ती करायला एक वही आणि दोन दिवस पुरतात. बहुतेक कचेऱ्यांत आजवर ती कोणी मागितलेलीच नाही.