नोटीस पालिकेची, माफी सरकारची

ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत शेजारच्या चाळीवर कोसळली आणि 17 जीव गेले. त्याच रात्री तिथल्या एका घरात बाळाचा पहिला वाढदिवस साजरा झाला होता. ते बाळही वाचले नाही. अशा वेळी सरकार पालिकेकडे बोट दाखवते. पण वसई-विरारच्या नगरसेवकांची मुदत 2020 मध्येच संपली होती आणि कारभार सरकारनेच नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता.

74व्या घटनादुरुस्तीने बांधकामांचे नियमन हा विषय नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत घातला. नियम मात्र मंत्रालयात ठरतात. मुंबईसारखे अपवाद सोडले तर डिसेंबर 2020 पासून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहायचे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस बजावायची आणि हातोडा चालवायचा, ही कामे पालिकेची. कामाची ही वाटणी चुकीची नाही. घात होतो तो पुढे. 2017 मध्ये याच कायद्यात कलम 52अ घालून सरकारने 2015 अखेरपर्यंतची बेकायदा बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी केली. 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये अशा बांधकामांवरचा शास्तीकर माफ झाला. वरून माफी येणार हे बिल्डरला ठाऊक असेल, तर प्रभाग अधिकाऱ्याच्या नोटिशीला तो कशाला भीक घालेल?

शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत काही महिन्यांत सात मजले चढली. 4 एप्रिल 2013 रोजी ती पडली. 74 जण मेले. सात मजले लपवून बांधता येत नाहीत. जोते भरताना, पहिला स्लॅब पडताना ते दिसतातच. तरीही अशा इमारतींना महावितरणची वीज मिळते, पालिका घरपट्टी लावते. वसुलीला दोघेही हजर असतात, जबाबदारी घ्यायला कोणीच नसते.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बजावले आहे. सरकारने ते महावितरणला आणि प्रत्येक आयुक्ताला पाळायला लावावे. माफीची नवी मुदत जाहीर करू नये. आणि पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येक पालिकेने बेकायदा व धोकादायक इमारतींची यादी, कारवाई न करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह, प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी. आपल्या प्रभागात ती लागली नसेल, तर वाचकहो, आयुक्तांना लेखी जाब विचारा.